प्रश्न तुमचे, पाना आमचा : टॅपेट कव्हरची गळती

पाऊस उघडला की डोंगरातल्या गाड्यांची बॉनेटं उघडतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या वेळच्या पत्रांत मारुती-सुझुकी जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपच्या टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून गळणाऱ्या ऑइलचाच बोलबाला आहे, म्हणून हा अख्खा भाग त्यालाच दिला. बहुतेकांनी त्याखालच्या पॅकिंगला (गॅस्केटला) दोषी ठरवून टाकलंय. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते उत्तरांतून येईलच.

माझी जिप्सी किंग १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली आहे. कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागला की गाडीत जळक्या ऑइलचा वास मारतो. सपाटीला काही नाही. मेकॅनिक म्हणतो टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं. ते मागच्या वर्षीच बदललंय. परत बदलू का? (सातारा)

लगेच नको. आधी ऑइल नेमकं कुठून येतंय ते बघा.

जिप्सीचं इंजिन लांबीत बसवलेलं असतं. चढावर गाडीचं नाक वर गेलं की हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं ऑइल मागच्या बाजूला साचतं आणि कव्हरच्या मागच्या अर्ध्या भागाचा सांधा ऑइलमध्ये बुडून राहतो. तिथून ओघळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर) उतरला की धूर होतो आणि पंखा तो वास आत ढकलतो. सपाटीला ऑइल परत सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं, म्हणून वास थांबतो. तेव्हा गळती मागच्या अंगाला आहे एवढं तुमच्या पत्रावरून नक्की. पण मागच्या अंगाला फक्त कव्हर नाही. तुमच्या १२९८ सीसी, ८ व्हॉल्व्हच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरही (प्लगांना वीज वाटणारा भाग) हेडच्या मागच्या टोकालाच, कॅमशाफ्टवर चालतो. त्याची ओ-रिंग (रबरी कडं) वयानं कडक झाली की ऑइल तिथून निघून बेलहाऊसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचावर) उतरतं. खालून बघणाऱ्याला दोन्ही गळत्या सारख्याच दिसतात. मग पॅकिंग बदललं जातं, गळती आहे तिथेच राहते आणि बिचाऱ्या पॅकिंगला शिव्या बसतात.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुना ब्रश आणि रॉकेल किंवा डीग्रीझर घेऊन कव्हरची कड, डिस्ट्रिब्युटरचं बूड, फ्युएल पंपाचा सांधा आणि हेडची मागची भिंत लख्ख करा. पेट्रोल वापरू नका. कोरड्या फडक्यानं पुसून तासभर वाळू द्या. मग टाल्कम पावडर कापसावर घेऊन या सगळ्या जागांवर हलकी झटका. बॅटरी जोडून गाडी १५-२० मिनिटं जागेवर चालवा, नंतर एकदा घाट चढवा आणि वर पोचल्या पोचल्या टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सगळ्यात वर भिजलेली असेल तिथे गळतीचं मूळ. खालच्या भिजलेल्या जागांकडे लक्ष देऊ नका, ऑइल खाली आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागे पसरतंच. कव्हरची कड कोरडी आणि डिस्ट्रिब्युटरच्या गळ्याशी पावडर काळी पडलेली दिसली, तर काम एका ओ-रिंगचं आहे. डिस्ट्रिब्युटर उपसण्याआधी त्याच्या बुडाची आणि हेडची जागा मार्करनं रेघ मारून जुळवून ठेवा आणि रोटरचं तोंड कुठे आहे तेही टिपा, नाहीतर टायमिंग परत लावत बसाल. वरचं सगळं कोरडं आणि बेलहाऊसिंगच्या खालच्या भोकातून ठिबकतंय असं निघालं, तर मात्र क्रँकच्या (इंजिनाच्या तळाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलकडे संशय जातो. ते गिअरबॉक्स उतरवण्याचं काम, वेगळ्या पत्राचा विषय.

पॅकिंगच गेलंय याची खात्री केली आहे. घरीच बदलायचं म्हणतो. पायरी-पायरीनं सांगाल का? गाडी जिप्सी, पण उत्तर जीपवाल्या मित्रालाही उपयोगी पडावं. (कराड)

सामान आधी गोळा करा: नवीन पॅकिंग, बोल्टखालचे नवीन रबरी वॉशर, १० नंबरचा गोटी पाना आणि लहान, म्हणजे पाव इंची रॅचेट, प्लॅस्टिकची पट्टी, थिनर, भरपूर स्वच्छ फडकी, ऑइल सहन करणाऱ्या सिलिकॉनची लहान ट्यूब. रबरी वॉशर विसरू नका. दुकानदार स्वतःहून देत नाही आणि जुने वॉशर दगड झालेले असतात. कव्हरवर सारखा दाब देण्याचं काम त्यांचंच.

इंजिन थंडच हवं. एअर क्लिनरची नळी, ब्रीदरच्या (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) नळ्या आणि प्लगच्या वायरी काढताना त्यांना कागदी पट्टी चिकटवून नंबर घाला. आता कव्हर उचलायची घाई होते, तिथेच थांबा. कव्हरच्या कडेला वर्षांची माती बसलेली असते. कव्हर हललं की ती थेट रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) पडते आणि तिथून ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते. म्हणून आधी ब्रशनं आणि हवेनं कड साफ करा. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंपही चालतो.

बोल्ट टोकांकडून मधे, थोडे थोडे सैल करत काढा. कव्हर चिकटलेलं असेल तर लाकडी ठोकळा लावून कडेला हलके ठोके द्या. पेचकस घुसवून उचकटायचं नाही. हेड अल्युमिनियमचं आहे आणि पेचकसानं पडलेला ओरखडा नवीन पॅकिंगही भरून काढत नाही.

कव्हर निघालं की ऑइल खाली जाण्याची भोकं फडक्यांनी बुजवा, आणि किती फडकी कोंबलीत ते मोजून ठेवा. आत राहिलेली एक चिंधी इंजिन संपवू शकते. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. गॅरेजात ग्राइंडरला घासण्याची चकती लावून पाच मिनिटांत चकचकीत करून देतात, ते करू देऊ नका: चकतीची बारीक खर आत पडते आणि क्रँकच्या बेअरिंगचा चुरा करते. शेवटी थिनरच्या फडक्यानं दोन्ही कडा पुसा. बोटाला तेलकट लागता कामा नये.

आता कव्हर तपासा. ते पत्र्याचं की ओतीव अल्युमिनियमचं, शंका असेल तर चुंबक लावून बघा. चिकटला तर पत्रा. पत्र्याच्या कव्हरचं नेहमीचं दुखणं एकच. कुणीतरी बोल्ट जोर लावून आवळलेला असतो, त्यामुळे भोकाभोवतीचा पत्रा पॅकिंगच्या बाजूला फुगतो. मग बोल्टापाशी पॅकिंग चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. लोखंडी पट्टी कडेवर उभी धरून उजेडाकडे बघा, भोकांपाशी पट्टी टेकलेली आणि मधून उजेड येताना दिसेल. असं कव्हर पॅकिंगची बाजू वर करून लोखंडी ठोकळ्यावर ठेवा आणि फुगलेला भाग छोट्या हातोड्यानं हलके हलके बसवा. पट्टी सगळीकडे टेकली की झालं. वर्षभरात पॅकिंग पुन्हा गळण्याचं कारण दहातल्या सहा-सात गाड्यांत इथे सापडतं असा आमचा अंदाज आहे, आणि ते सापडतं फक्त बघणाऱ्याला. ओतीव कव्हर वाकत नाही पण चिरतं. बोल्टाच्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ शोधा.

पॅकिंग बसवण्याची रीत त्याच्या जातीवर आहे. रबराचं असेल आणि कव्हरला खाच असेल तर ते कोरडंच खाचेत दाबा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, आणि जिथे दोन वेगळे भाग हेडवर जुळतात त्या सांध्यावर, २-३ मिमी जाडीचा ठिपका, बस्स. कॉर्कचं असेल तर कव्हरच्या बाजूला गॅस्केटच्या गोंदाचा पातळ हात द्या आणि हेडची बाजू कोरडी ठेवा. म्हणजे बसवताना सरकत नाही आणि पुढच्या वेळी सहज सुटतं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापणाऱ्यांना आमचा विरोध आहे. पॅकिंग त्यावर निसटतं, बाहेर जेवढी भिंत येते तेवढीच आतही येते, आणि आतली सुटून सम्पमधल्या जाळीवर जाऊन बसली की ऑइलचं प्रेशर पडतं. बाहेरची गळती थांबवण्यासाठी आतून इंजिन उपाशी मारायचं, असला हा व्यवहार.

कव्हर बसवण्याआधी टॅपेटचं अंतर (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी बघून घ्या. कव्हर उघडंच आहे, महिन्याभरानं टॅपेट वाजतात म्हणून नवं पॅकिंग पुन्हा उचकटायला नको. फडकी मोजून बाहेर काढा.

आवळणी. सगळे बोल्ट आधी हातानं टेकवा. मग मधल्यापासून सुरुवात करून एक इकडचा एक तिकडचा असं बाहेर जा, आणि दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण करा. सुझुकीच्या या इंजिनाला कव्हरच्या बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) ४ ते ५ न्यूटन-मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा किलोग्रॅम-मीटर आहे. चाकांचे नट आवळायचा मोठा टॉर्क पाना इथे कुचकामी, एवढ्या कमी आकड्यावर तो टकही म्हणत नाही. लहान रॅचेट मुठीत न धरता डोक्याजवळ दोन बोटांत धरा आणि मनगटानं फिरवा. वॉशर किंचित फुगताना दिसला की हात काढा. जीपवाल्या मित्रानं त्याच्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकातून घ्यावा, रीत हीच.

सिलिकॉन लावलं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा. कॉर्क बसतं, म्हणून १००-२०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना एक फेरी हलकी आवळा. रबरी पॅकिंगला आणि खांदा असलेल्या बोल्टना ही फेरी नको. तो बोल्ट एकदा टेकला की पुढे फक्त तुटतो.

आमची जुनी महिंद्रा जीप आहे, प्युजोचं डिझेल इंजिन. ऊसाच्या हंगामात ट्रॉली ओढते, एरवी चांदोलीच्या बाजूला फिरते. कव्हरचं कॉर्क या वर्षात तीनदा बदललं, दर वेळी महिन्यात परत ओलं. कव्हर सरळ आहे, पट्टी लावून पाहिलं. आता काय? (शिराळा)

आता पॅकिंगचा नाद सोडा आणि ब्रीदरकडे या.

तुमचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं इंजिन असणार. कुठल्याही इंजिनात थोडा जळका वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली सम्पमध्ये येतो. तो ब्रीदरच्या वाटेनं निघून गेला पाहिजे. ती वाट बंद झाली की आत दाब साचतो आणि सगळ्यात कमजोर सांधा शोधून ऑइल बाहेर ढकलतो. कॉर्कचा, दहा नंबरच्या बोल्टांनी हलका धरलेला टॅपेट कव्हरचा सांधा हा सगळ्यात कमजोर. तीन पॅकिंगं गेली ती या दाबानं.

ब्रीदरची नळी दोन्ही टोकांना काढून तोंडानं फुंकून बघा. आत काळा चिकट गाळ बसलेला असतो. आतून फुगून बंद झालेली रबरी नळी बाहेरून मात्र धडधाकट दिसते. ब्रीदरमध्ये जाळी असेल तर ती रात्रभर डिझेलमध्ये भिजवून झटका. नळीचं तोंड खाली चिखलात बुजलंय का तेही पाहा, ऊसाच्या फडात फिरणाऱ्या गाडीला ते अगदी शक्य आहे.

वाट मोकळी करूनही गळत असेल तर एक चाचणी करा. इंजिन गरम करून जागेवर चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. हलकी वाफ, झाकणाची थोडी थरथर चालेल. झाकण नाचून खाली पडत असेल, भोकातून धुराचे ठसके येत असतील, तर रिंगा किंवा लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) झिजलेत. मग आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. अशा इंजिनाला पॅकिंग चौथ्यांदा बदलणं म्हणजे पैसे फेकणं. कामाचा हंगाम तोंडावर असेल तर तोवर ब्रीदरला मोठी, सरळ उतरती नळी लावून खाली सोडा आणि ऑइलची पातळी रोज बघत गाडी वापरा. हंगाम संपला की इंजिन उघडा.

आणि डिपस्टिक. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरायची सवय असेल तर ती मोडा. जादा ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि तो ब्रीदरच्या वाटेला येतो.

थोडं घट्ट ऑइल घातलं तर गळती थांबेल का? दुकानात गळती बंद करणारी बाटलीही मिळते. (विटा)

नाही. कव्हरखाली ऑइल पंपाच्या दाबानं येत नाही, उडतं आणि ओघळतं. घट्ट ऑइल तेच जरा सावकाश करेल, आणि सकाळी थंड इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावेल ते वेगळं. बाटलीतलं औषध फार तर रबरी सील थोडं फुगवतं. चिरडलेल्या कॉर्कला आणि वाकलेल्या पत्र्याला त्याचा काही उपयोग नाही.

आवळताना एक बोल्ट फिरतच राहिला. आटे गेलेत. मेकॅनिक म्हणतो जाड बोल्ट मारून देतो. (पाटण)

जाड बोल्टाला कव्हरचं भोकही मोठं करावं लागतं, मग वॉशर बसत नाही आणि तिथून गळतं. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) मारा. बोल्ट एम-६, आट्यांचं अंतर १ मिमी असेल तर ६.२ किंवा ६.३ मिमीचं ड्रिल लागतं. हेलिकॉइलच्या पेटीतलाच टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरा, साध्या टॅपचे आटे वेगळे. ड्रिलवर आणि टॅपवर ग्रीस थापा म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो, आणि भोकाच्या आसपास ग्रीस लावलेलं फडकं पसरा. खोली आधी बोल्टवर चिकटपट्टी गुंडाळून मोजा. जास्त खोल गेलात तर पाण्याच्या किंवा ऑइलच्या वाटेत निघाल. कॉइल कडेच्या पातळीखाली अर्धा-एक फेरा बसली पाहिजे, तिची शेपटी मोडून चिमट्यानं बाहेर काढा. हात बसलेला नसेल तर हे काम लेथवाल्याकडे द्या, हेड वाया घालवण्यापेक्षा ते स्वस्त.

आमच्या जुन्या जीपला पॅकिंग मिळत नाही. शीटमधून कापलं तर चालेल? (जत)

चालेल. रबर मिसळलेलं कॉर्कशीट घ्या, साध्या कॉर्कपेक्षा ते कमी तुटतं. जाडी जुन्या पॅकिंगच्या न दबलेल्या भागाएवढी, साधारण ३ ते ४ मिमी. पातळ घेतलं तर काही इंजिनांत रॉकरची दांडी कव्हरला आतून घासते, आणि कागदाचं पॅकिंग इथे मुळीच चालत नाही, कडेतला चढउतार ते भरत नाही.

आधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर नमुना काढा. कव्हरच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवून पुठ्ठ्यावर ठसा घेतला की भोकांसकट आकार मिळतो. शीट लाकडावर ठेवून धारदार ब्लेडनं कापा, आतली बाजू आधी, बाहेरची नंतर. भोकं पंचनं पाडा, कात्रीनं कॉर्क फाटतं. अखंड एका तुकड्यात कापा. सांधा द्यावाच लागला तर सरळ न देता एकमेकांत अडकणारा द्या आणि तो बोल्टापासून दूर ठेवा. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत दुकानात पडून राहिलेलं तयार कॉर्क आकसतं आणि भोकं जुळत नाहीत. तसं झालं तर ताणू नका. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मूळ मापाला येतं. पुसून, वरचं पाणी वाळल्यावर बसवा.

थंडीत झाकणाच्या आत पिवळट साय दिसते. हेड गॅस्केट गेलं का? गळतीशी संबंध आहे? (महाबळेश्वर)

डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर घाबरू नका. थंड सकाळी बाजारापर्यंतच गाडी फिरवली की आतल्या वाफेचं झाकणाला पाणी होतं आणि ते ऑइलमध्ये मिसळतं. आठवड्यातून एकदा पसरणी घाट उतरून वाईपर्यंत जाऊन या, साय जाईल. डिपस्टिकवरही दुधाळ रंग आला तर गाडी चालू करू नका, हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) तपासा. अलीकडे इंजिन प्रेशरनं धुतलंय का तेही आठवा. पाण्याचा फवारा कव्हरच्या सांध्यावर आणि झाकणावर जवळून मारला तर पाणी आत जातं, आणि ओल्या डिस्ट्रिब्युटरनं गाडी वर बंद पडते ती वेगळीच.

माझी जिप्सी १६ व्हॉल्व्हची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली). बाहेर गळती नाही पण गाडी मिस मारते. प्लग काढायला गेलो तर खड्ड्यात ऑइल भरलेलं. (मिरज)

या इंजिनात प्लग कव्हरच्या मधोमध खोल नळ्यांत बसतात आणि प्रत्येक नळीभोवती कव्हरमध्ये गोल सील असतं. ते कडक झालं की ऑइल बाहेर न येता नळीत साचतं, प्लगच्या रबरी टोपीला फुगवतं आणि ठिणगी कडेनं हेडला पळते. बाहेरचं पॅकिंग आणि चारही सील एकत्र बदला, नुसतं पॅकिंग बदललं तर कव्हर दुसऱ्यांदा उघडाल.

प्लग काढण्याआधी नळीतलं ऑइल काढून घ्या. मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून ओढा, उरलेलं काठीला फडकं गुंडाळून टिपा. तसाच प्लग काढला तर सगळं ऑइल सिलिंडरमध्ये उतरेल आणि चालू करताना निळसर धुराचा लोट निघेल. फुगलेल्या टोप्या पुसून परत लावू नका, बदला. नळीच्या तळाशी वाळूही बसलेली असते, म्हणून प्लग अर्धा फेरा सैल केल्यावर हवा मारा, मगच पूर्ण काढा.